दाणा संपतो तेव्हा: थरच्या वाळवंटातल्या प्रकल्प नोंदी

१२ नोव्हेंबर

आजपासून मोजणी सुरू. तीन जागा पक्क्या झाल्या. जैसलमेरच्या पश्चिमेला कुंपण घातलेला सेवण गवताचा एक तुकडा आहे, तिथे गुरं-मेंढरं जात नाहीत, ती पहिली. त्याच कुंपणाबाहेरचं गावाचं चराऊ रान ही दुसरी. तिसरी मोहनगडच्या बाजूला, इंदिरा गांधी कालव्याचं पाणी पोचलेली शेतं. दर महिन्याला त्याच वाटेने चालायचं, दाणे खाणारे पक्षी मोजायचे आणि वाटेवर ठरलेल्या जागांवरची वाळू उचलून तिच्यातलं बी मोजायचं.

वाळवंटात दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांची संख्या दाण्यावर ठरते का, आणि ठरत असेल तर वर्षातल्या नेमक्या कुठल्या वेळच्या दाण्यावर? प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. जैसलमेरचा वर्षाचा पाऊस २०० मिमीच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा जुलै ते सप्टेंबरात. कणगी एकदाच भरते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायची असते. पक्षी, मुंग्या, उंदीर, सगळ्यांचा हात त्याच कणगीत.

१९ नोव्हेंबर

वाळू उचलायचं काम आता हातात बसलं. पत्र्याचं कडं जमिनीत दाबायचं, आतली वरची दोन सेंटिमीटर वाळू खुरप्याने काढून पिशवीत भरायची, पिशवीवर जागा आणि तारीख घालायची. त्याहून खोल जात नाही. चंडोल चोचीने वाळू उडवतो ती तेवढीच. खाली गाडलेलं बी त्याच्या दृष्टीने नसल्यातच जमा.

वेळ खरा जातो तो संध्याकाळी खोलीवर. चाळणीतून उरलेला माल ताटलीत पसरायचा आणि भिंगाखाली एकेक दाणा चिमट्याने हलकेच दाबायचा. घट्ट लागला तर आत गर आहे, चिरडला तर नुसतं टरफल. आज सेवणाची केसाळ, चंदेरी टरफलं ढीगभर निघाली आणि भरलेले दाणे त्यात मोजकेच. भुरट गवताचे काटेरी गोंडे बोटात रुततात. फोडले की आत बाजरीच्या नात्यातला टपोरा दाणा. आमच्याबरोबर फिरणारे गावचे वडीलधारे, ज्यांना आम्ही सगळे काकोसा म्हणतो, त्यांनी तो तळहातावर घेतला आणि म्हणाले, "छप्पनियाच्या काळात घरच्यांनी हाच दळून खाल्ला." १८९९-१९०० चा दुष्काळ. त्यांच्या पणजीकडून घरात चालत आलेली आठवण आहे ती.

कुंपणाआत दाणे वेचणाऱ्या मुंग्यांची बिळं बरीच आहेत. बिळाभोवती फोलपटांचं गोल कडं पडलेलं असतं आणि त्यात बोट फिरवलं की मुंग्यांनी काय काय नेलं ते कळतं. या कड्यांची वेगळी नोंद ठेवायला घेतली आहे.

मुंग्या-उंदीर आणि पक्षी यांच्यातली ओढाताण समजून घ्यायची तर अमेरिकेतल्या ॲरिझोनात पोर्टल गावाजवळ झालेलं काम डोळ्यासमोर ठेवावं लागतं. जेम्स ब्राउन यांनी १९७७ साली तिथे प्रत्येकी पाव हेक्टरचे २४ तुकडे आखले. काहींतून उंदीर बाहेर ठेवले, काहींतून मुंग्या. उंदीर हटवले की पक्ष्यांना जास्त दाणे उरतील, असं कोणालाही वाटेल. १९९१ साली छापलेल्या निष्कर्षात उलटं दिसलं: उंदीर होते त्या तुकड्यांत पक्षी जास्त चरत होते. उंदीर नाहीसे झाले तिथे गवत दाटलं, जमीन झाकली गेली आणि पडलेलं बी पक्ष्यांच्या चोचीला मिळेनासं झालं. म्हणून आता प्रत्येक नमुन्याच्या जागी मोकळी जमीन किती आणि झाकलेली किती, हेही लिहितो आहोत.

६ डिसेंबर

हिवाळी पाहुणे पूर्ण उतरले. मध्य आशियातून आलेले आखूड बोटांचे चंडोल थव्याने उठतात आणि सगळे एकदम वळून पुन्हा तिथेच बसतात. मोजताना दमछाक होते. कालव्याकडच्या शेतांत बाजरीच्या धसकटांवर भारीट. कुंपणाआत काळ्या डोक्याचे डोंबारी चंडोल, पांढऱ्या कंठाच्या मुनिया. संध्याकाळच्या आकडेवारीकडे बघून कोणीही म्हणेल की इथे दाण्याला काय तोटा!

खरंच तोटा नाही, निदान आत्ता नाही. ॲरिझोनाच्या आग्नेय भागातल्या गवताळ रानात रोनाल्ड पुलियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून नेमकं हेच तपासलं. तिथे उन्हाळी पावसावर गवत पिकतं आणि हिवाळ्यात चिमणीच्या आकाराचे स्पॅरो ते खायला येतात. जॉन डनिंग आणि ब्राउन यांनी १९८२ मध्ये ख्रिसमसच्या सुमारास होणाऱ्या पक्षिगणनेचे जुने आकडे पावसाशी ताडून पाहिले. आधीचा उन्हाळी पाऊस चांगला, तर हिवाळ्यात स्पॅरो जास्त. पाऊस कमी, तर स्पॅरो कमी. पण बी मुबलक पिकलं त्या वर्षी पक्ष्यांना ते संपवता येत नाही. तेव्हा संख्येवर दाण्याचा ताबा राहत नाही, दुसऱ्याच गोष्टींचा राहतो.

जॉन वीन्स यांनी १९७७ मध्ये मांडलेला विचार याच्याशी जुळतो. अन्नाची टंचाई वाळवंटात सदासर्वकाळ नसते, ती अधूनमधून येते, आणि जेव्हा येते तेव्हा मागच्या सगळ्या चांगल्या वर्षांचा हिशेब एका झटक्यात चुकता करते. अभ्यास करणारा माणूस चांगल्या वर्षात, चांगल्या ऋतूत गेला तर त्याला दाणा आणि पक्षी यांचा संबंधच दिसणार नाही. हिवाळ्यात थंडी सुखाची असते, पक्षी भरपूर असतात, म्हणून बहुतेक मोजण्या हिवाळ्यातच होतात. मला धास्ती आहे ती हीच.

२२ डिसेंबर, खीचन

फलोदीजवळच्या या गावात कुरजा बघायला आलो. आपल्याकडे ज्यांना कांड्या करकोचा म्हणतात तेच हे पक्षी. गावाने राखलेल्या चुग्गाघरात ज्वारी पसरलेली असते. सकाळी आधी वरून घिरट्या, मग काही धीट पक्षी कुंपणाआत उतरतात, आणि त्यानंतर जमीनच दिसेनाशी होते. रतनलाल मालू यांनी १९७० च्या दशकात इथे नेमाने दाणे टाकायला सुरुवात केली तेव्हा कुरजा मोजक्या होत्या. आज हिवाळाभर त्या हजारोंनी असतात. जैन आणि बिष्णोई घरांच्या देणग्यांवर पोती येतात. २०२५ मध्ये खीचनच्या पाणथळीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला.

अन्नाची अट काढून टाकली तर काय होतं, याचा एवढा मोठा प्रयोग कुठल्या विद्यापीठाला परवडला नसता. पण त्याचा अर्थ जपून लावायला हवा. कुरजांची वीण मंगोलिया-कझाकस्तानच्या गवताळ पट्ट्यात होते, त्यामुळे इथला आकडा वाढला म्हणजे जगातल्या कुरजा तेवढ्या वाढल्या असं होत नाही. आसपासच्या पट्ट्यात विखुरलेल्या कुरजा एका जागी गोळा झाल्या असाही अर्थ होतो. आणि एका जागी गोळा होण्याची किंमत असते. २०२१ च्या नोव्हेंबरात जोधपूर जिल्ह्यातल्या कापरड्याला कुरजा बर्ड फ्लूने मेल्या.

तरीही गावकऱ्यांची माया पाहून मन भरून येतं. दाणे निवडून, खडे काढून टाकतात. पक्षी आलेला असताना गावात कोणी मोठ्याने आवाज करत नाही.

१७ जानेवारी

कुंपणाआतल्या आणि बाहेरच्या वाळूचे नमुने आज शेजारी-शेजारी ठेवले. एकूण बियांत डोळ्यात भरावा असा फरक नाही. दोन्ही ताटल्या भरलेल्या. फरक आहे तो कुठल्या बिया त्यात. आतल्या ताटलीत सेवण, धामण, मुरट, म्हणजे गवतं. बाहेरच्या ताटलीत रानतणांचं बारीक काळं बी, गोखरू आणि टणक शेंगवर्गी दाणे.

अर्जेंटिनाच्या मेंडोझा प्रांतात न्याकुन्यान नावाचं राखीव क्षेत्र आहे. लुईस मारोने आणि त्यांचे सहकारी तिथे कित्येक वर्षं हेच निवडत बसले. त्यांच्याकडचे दाणेखाऊ पक्षी गवताचं बी आवडीने टिपतात आणि रानतणांचं बी मातीत पडून राहतं. जिथे जनावरं चरतात तिथे गवताचं बी घटतं, आणि मग पक्ष्यांना तणांच्या बियांवर भागवावं लागतं. मातीतलं बी आणि पक्ष्यांचं अन्न या दोन गोष्टी एक नव्हेत हे त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं. आमच्या ताटल्या तेच सांगताहेत. म्हणून यापुढे 'एकूण बी' हा रकाना अहवालात पुढे राहणार नाही. 'गराने भरलेलं गवतबी' हा राहील.

५ फेब्रुवारी

गाडी बंद. नमुने साठले आहेत, निवडणं चालू.

२३ मार्च

परदेशी चंडोल गेले. कुरजाही उत्तरेकडे निघाल्या. रानात एकदम पोकळी जाणवते.

आज पहाटेपासून नाडीच्या काठावर बसलो. नाडी म्हणजे गावतळं, पाणी आता मधल्या खळग्यात उरलंय. सूर्य बराच वर आल्यावर पखुर्डी आल्या. सोलापूरच्या नान्नजला माळढोक बघायला जाणाऱ्यांना हा पक्षी ओळखीचा असेल. आधी दुरून त्यांचा दुपदरी आवाज, मग सरळ रेषेत येणारे छोटे थवे. पाण्यापासून थोड्या अंतरावर उतरतात, मान उंचावून थांबतात, मग पटकन काठाशी येऊन चार-सहा घोट घेतात आणि उडून जातात. एक नर मात्र थांबला. पाण्यात पोटापर्यंत शिरला, पोटाची पिसं फुलवली आणि अंग डोलावत राहिला. पाणी त्या पिसांत शोषलं जातं आणि तो ते पिल्लांकडे नेतो. पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसं चोखतात. इंग्लंडमध्ये मीड-वाल्डो यांनी १८९६ साली पाळीव पक्ष्यांत हे पाहून लिहिलं तेव्हा अनेकांना ते खरं वाटलं नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन यांनी आफ्रिकेतल्या नामाक्वा पखुर्डीवर काम करून ते पक्कं केलं.

आमच्या प्रश्नासाठी यातली कळीची गोष्ट अशी की, पखुर्डीची पिल्लं जवळजवळ जन्मल्यापासून दाणेच खातात. बहुतेक दाणेखाऊ पक्षी पिल्लांना किडे भरवतात, पखुर्डी तसं करत नाही. म्हणजे पिल्लांचं पोट भर उन्हाळ्यात वाळूवर पडून राहिलेल्या कोरड्या दाण्यावर. कोरड्या दाण्यात पाणी नसल्यासारखंच, म्हणून बापाच्या या फेऱ्या. दाणा आणि पाणी दोन्ही उडून गाठता येईल इतक्या अंतरात असलं तरच वीण पार पडते. नाडी आटली तर भोवतीचं बी असून नसल्यासारखं होतं.

२८ मे

उष्णतेने सकाळी नऊनंतर काम होत नाही. चराऊ रानात आज ओळीने रिकामे नमुने. रिकामे म्हणजे गवतबी नाही. गोखरू आहेत, टणक दाणे आहेत. डोंबारी चंडोल कुंपणाआत सरकले आहेत आणि तिथेही ते झुडपांच्या सावलीत चोच उघडी टाकून बसलेले. होले गावाच्या आणि कालव्याच्या आश्रयाला. कुंपणाआत मात्र सेवणाच्या बुंध्यांशी अडकून राहिलेल्या वाळूत भरलेले दाणे अजून सापडतात. बहुवर्षी गवताचे हे ठोंब वारा अडवतात आणि त्यांच्या पायाशी बी साठतं, हे आता नजरेला सरावलं आहे.

गोखरू हातात घेतला की गालापागोसमधलं डाफ्ने मेजर बेट आठवतं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट यांनी तिथल्या फिंचांवर केलेलं काम या विषयातलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे. १९७७ मध्ये तिथे पावसाळ्यात २४ मिमीच पाऊस पडला. मऊ, बारीक बी आधी संपलं. उरलं ते मोठं आणि टणक, त्यात गोखरूच्या भावकीतल्या वनस्पतीची काटेरी फळं. मध्यम भूफिंचांची संख्या सुमारे ८५ टक्क्यांनी कोसळली, आणि तरले ते बहुतांशी मोठ्या, जाड चोचीचे. १९८२-८३ च्या एल निनोत धो-धो पाऊस झाला, बेट बारीक बियांनी भरलं आणि पुढच्या दुष्काळात पारडं लहान चोचींकडे झुकलं. टंचाईने किती पक्षी उरतील एवढंच ठरवलं नाही, कुठले उरतील तेही ठरवलं.

आमच्या रानात गोखरू फोडताना एकही चंडोल अजून पाहिला नाही. ताटलीत गोखरू भरपूर म्हणजे अन्न भरपूर, असं लिहून चालणारच नाही.

९ जुलै

काल रात्री पाऊस. सगळं गाव ओट्यावर जागं होतं.

१४ जुलै

या प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण आजचं. कुंपणाआतल्या नमुन्यांत दाणे शोधायला बसलो तर जवळजवळ प्रत्येक भरलेल्या दाण्याला मोड. पांढरा, सुताएवढा. दोन दिवसांत तो हिरवा होईल आणि दाणा म्हणून संपेल. रान हिरवं दिसायला लागलं आहे, माणसं खूश आहेत, मेंढरं खूश आहेत, आणि दाणेखाऊ पक्ष्याच्या बाजूने पाहिलं तर वर्षातली सगळ्यात रिकामी कणगी ही आहे. उन्हाळ्यात थोडं तरी होतं. पहिल्या पावसाने तेही रुजवून टाकलं. नवं बी पिकायला अजून महिना-दीड महिना.

आफ्रिकेत पीटर वॉर्ड यांनी लाल चोचीच्या क्वेलियाबद्दल १९७१ मध्ये हेच लिहिलं. कोट्यवधींच्या संख्येने असणारा हा दाणेखाऊ पक्षी. पावसाची पहिली सर येऊन बी रुजलं की क्वेलिया अंगावर चरबी चढवून पावसाचा पट्टा ओलांडून पलीकडे जातात, जिथे पाऊस काही आठवडे आधी सुरू झाला आणि गवताला दाणे धरलेत. नंतर पावसाच्या मागोमाग, दाणे पिकत येतील तसे माघारी फिरतात.

थरमध्येही मोसमी पाऊस पूर्वेकडून सरकत येतो. अजमेर-नागौरकडे आधी, जैसलमेरला नंतर. आमच्या वाटेवर आज चंडोल नावापुरते होते. पूर्वेकडे मोजणीची आणखी एक वाट आखायची, हे आजच ठरवून टाकलं.

११ ऑगस्ट

किडेच किडे. नाकतोडे, अळ्या, दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या. डोंबारी परतले आणि नर उंच जाऊन सूर मारताहेत. ज्यांना किडे चालतात त्यांची जुलैची उपासमार किड्यांनी सावरली, आणि त्यांच्या पिल्लांना तर किडेच लागतात. होल्यांचं तसं नाही. ते पिल्लांना आपल्या गळ्यातल्या पिशवीत तयार होणारं 'दूध' पाजतात, म्हणून नुसत्या दाण्यावर वर्षात केव्हाही वीण काढू शकतात. दाणा जवळ हवा, बस्स. कालव्याकडच्या शेतांत होले बारमाही का दिसतात ते यातून कळतं. मुनिया दुधाळ, अर्धकच्च्या गवतबियांवर पिल्लं वाढवतात. त्यांची वीण अजून पुढे.

म्हणजे 'दाणेखाऊ पक्षी' असा एकच आकडा काढण्यात अर्थ नाही. पखुर्डीला भर उन्हाळ्याचा दाणा लागतो, डोंबाऱ्याला पावसाळी किडे आणि त्याआधी तग धरण्यापुरता दाणा, मुनियाला भाद्रपदातलं दुधाळ बी. वाळवंटाचं वर्ष एकच आहे, पण त्यातला अडणीचा महिना प्रत्येकाचा वेगळा.

२६ सप्टेंबर

नवं बी पडायला लागलं. कुंपणाआत सेवणाची कणसं चंदेरी झाली आहेत. बाहेर तेच गवत मेंढरांनी फुलोऱ्याआधीच खाल्लं. पुढच्या मे महिन्यात चराऊ रानात काय सापडणार, ते आजच दिसतं आहे.

मेंढपाळांना दोष देणं मला पटत नाही. त्यांची गुरं जगली पाहिजेत, आणि हे रान शतकानुशतकं त्यांनीच राखलं. ओरणात, म्हणजे देवाच्या नावाने सोडलेल्या रानात, आजही सहसा कोणी कुऱ्हाड चालवत नाही. दुसरीकडे सरकारी कागदावर सेवणाचा हाच मुलूख 'पडीक' म्हणून लागतो आणि नांगराखाली किंवा सौर पट्ट्यांखाली जातो. माझ्या लेखी दाणेखाऊ पक्ष्यांना खरा धोका तो आहे. चरलेलं सेवण चांगला पाऊस झाला तर मुळापासून पुन्हा उभं राहतं. उपटलेलं राहत नाही.

काकोसांशी यावर बराच वेळ बोललो. त्यांचं म्हणणं, पूर्वी कणसं झडेपर्यंत रानाचा एक भाग बंद ठेवायची पद्धत होती, कारण बी पडलं नाही तर पुढच्या वर्षी गवतच नाही. मेंढपाळाचं आणि पखुर्डीचं हित इथे एकच आहे.

१५ ऑक्टोबर

पुढच्या वर्षाची आखणी. हिवाळ्यातल्या मोजण्या कमी करून तो वेळ मे ते जुलैच्या अखेरीला द्यायचा. पहिल्या पावसानंतर तर दर तिसऱ्या दिवशी वाळू उचलायची. नागौरकडची वाट मे महिन्यापासून सुरू, दोन्हीकडे एकाच दिवशी मोजणी. वाटेजवळच्या नाडीत पाणी आहे की नाही हा रकाना आता प्रत्येक पानावर. गावाच्या बैठकीत चराऊ रानातली एक पट्टी दिवाळीपर्यंत बंद ठेवायला मंडळी तयार झाली. ती पट्टी चौथी जागा म्हणून धरली असून तिचे पहिले नमुने उद्या सकाळी उचलायचे आहेत.